टेलरचं घड्याळ आणि आपला नॉर्म

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणजवळच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो आहे. पुस्तकात टेलर चार ओळींत संपला: वैज्ञानिक व्यवस्थापनाचे जनक, १९११, टाइम स्टडी. सरांनी वर सांगितलं की ते सगळं आता जुनं झालं. मग आमच्या लाइनवर आय.ई. (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) विभागाची माणसं अजून स्टॉपवॉच घेऊन का उभी राहतात? आणि ती आली की ऑपरेटर लोकांचे चेहरे का बदलतात?

उत्तर:

सरांचं अर्धं बरोबर आहे. टेलरचं नाव जुनं झालं, काम नाही. तुमच्या मशीनवर लटकवलेली वर्क इन्स्ट्रक्शन शीट, शिफ्टचा नॉर्म (किती नग काढायचे तो ठरलेला आकडा), प्लॅनिंगवाल्यांची वेगळी केबिन, टूल रूममधून आयतं धार लावून येणारं टूल, या सगळ्यांची मुळं शोधत गेलात तर त्याच्याच दारात पोहोचाल. मी ३१ वर्षं वर्क स्टडीत, म्हणजे कामाची पद्धत आणि वेळ तपासण्यात, काढली आहेत. म्हणजे तुम्ही म्हणता ती स्टॉपवॉचवाली माणसं, त्यांतलाच मी एक. हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर १८५६ साली फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात एका सधन घरात जन्मला. हार्वर्डची प्रवेशपरीक्षा पास झाला होता, पण डोळ्यांच्या त्रासामुळे तिकडे गेला नाही. १८७४ मध्ये पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो पॅटर्नमेकर आणि मशिनिस्टच्या उमेदवारीला लागला, आणि १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत साधा मजूर म्हणून. तिथून लेथवर, मग टोळीचा प्रमुख, फोरमन आणि अखेर चीफ इंजिनिअर. (मधल्या काळात, १८८१ मध्ये, या गृहस्थाने अमेरिकेची टेनिस दुहेरीची स्पर्धाही जिंकली.) म्हणजे हा माणूस बाहेरून आलेला सल्लागार नव्हता. त्याने स्वतः लेथ चालवला होता आणि शेजारचा टर्नर (लेथ चालवणारा) हात राखून कसा काम करतो हे जवळून पाहिलं होतं.

हात राखून काम करणं हाच त्याच्या सगळ्या खटाटोपाचा उगम. तेव्हा कामं पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी अशी, चालत. टर्नरने दिवसाला जास्त नग काढले, त्याची मजुरी फुगली, की मालक दर कापायचा. एकदा-दोनदा असं झालं की माणूस शहाणा होतो. सगळी टोळी मिळून ठरवायची की दिवसाला इतकेच नग, त्यापुढे नाही, आणि नवख्याने उत्साह दाखवला तर त्याला बाजूला घेऊन समजवायचं. टेलरने याला निव्वळ आळस म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दर कापण्याची मालकांची सवयच कामगाराला हे शिकवते, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. पण त्याला खरी अडचण वेगळीच दिसली. एखाद्या कामाला किती वेळ लागायला हवा, हे मालकाला मुळात ठाऊकच नव्हतं. ते कामगाराला ठाऊक होतं, आणि कामगार सांगत नव्हता. टोळीप्रमुख झाल्यावर टेलरने दोन-तीन वर्षं मिडव्हेलच्या टर्नरांशी उघड झुंज दिली, दंड केले, माणसं काढली. शेवटी आकडा वाढला, पण ही रोजची लढाई त्याला नको होती. त्याला ते ज्ञानच हवं होतं.

म्हणून त्याने आधी धातू कापण्याचा अभ्यास घेतला. तुम्ही परीक्षेसाठी कटिंग स्पीड आणि टूल लाइफचं जे समीकरण पाठ केलंत, ते याच टेलरचं. आमच्याकडे दोन विषयांत दोन टेलर शिकवतात आणि तो एकच माणूस आहे हे कोणी सांगत नाही. १८८० च्या सुमारास सुरू झालेले हे प्रयोग २६ वर्षं चालले. ३० ते ५० हजार प्रयोगांची नोंद झाली, आणि त्यांत आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाची चिप (कापताना निघणारा कीस) निघाली. धातूचा कठीणपणा, टूलचा आकार, कापाची डेप्थ, फीड (टूल पुढे सरकण्याचं प्रमाण), कूलंट असे बारा बदलते घटक त्याने वेगळे काढले. एवढं गणित मशीनसमोर उभं राहून कोण करणार? तेव्हा कार्ल बार्थ या त्याच्या सहकाऱ्याने खास स्लाइड रूल तयार केले, आणि स्पीड-फीडचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळू लागलं. याच वाटेवर बेथलेहेम स्टीलमध्ये मॉन्सेल व्हाइट याच्यासोबत त्याने टूल स्टीलची उष्णताप्रक्रिया बदलली. लोहार ज्या तापमानाला टूल जळालं म्हणून टाकून देईल, त्याच्याही पुढे, वितळण्याच्या जवळपास नेऊन. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी टूलचं टोक लाल होऊनही कापत असलेलं पाहिलं. हायस्पीड स्टील ते हेच.

इथवर मी टेलरपुढे हात जोडतो. हे खरंखुरं विज्ञान आहे. कोणीही पुन्हा करून पाहावं, तेच उत्तर येईल.

पण त्या स्लाइड रूलने आणखी एक गोष्ट केली, ती त्या वेळी फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. आधी स्पीड-फीड टर्नर ठरवायचा, चिपचा रंग बघून, आवाज ऐकून. आता ते प्लॅनिंग रूममध्ये ठरू लागलं आणि इन्स्ट्रक्शन कार्डावर लिहून त्याच्या हातात येऊ लागलं. विचार करण्याचं सगळं काम शॉपमधून काढून प्लॅनिंग विभागात न्यावं, हे टेलरचं म्हणणंच होतं. एका फोरमनच्या जागी त्याने आठ सुचवले, चार शॉपवर आणि चार कागदांपाशी. स्टॉपवॉच हे त्या योजनेतलं एक अवजार. खरा बदल हा, की कामाचं ज्ञान हातातून कागदावर गेलं. तुमच्या लाइनवरचे चेहरे का बदलतात, त्याचं उत्तर इथे आहे.

आता बेथलेहेमची बिडाची (कच्च्या ओतीव लोखंडाची) गोष्ट. प्रत्येक पुस्तकात ती असते, आणि बहुतेक पुस्तकांत टेलरने सांगितली तशीच. १८९९ मध्ये कंपनीच्या आवारात ८० हजार टन बीड पडून होतं. भाव चढला, माल विकला गेला, आता तो वॅगनमध्ये भरायचा होता. एक लादी ९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ४२ किलो. ती उचलायची, फळीवरून चढत जायचं, टाकायची, परत यायचं. माणूस दिवसाला साडेबारा टन भरत होता. टेलर म्हणतो, शास्त्रीय अभ्यासाने कळलं की पहिल्या प्रतीचा माणूस ४७ टन भरू शकतो. त्याने निवडलेल्या 'श्मिट'ने ते करून दाखवलं, आणि त्याची रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ झाली.

हिशोब आपणच करू. ४७ ते साडेसत्तेचाळीस मोठे टन (एक टन २,२४० पौंडांचा) म्हणजे दिवसाला साडेअकराशेच्या आसपास लाद्या. दहा तासांच्या दिवसात मिनिटाला जवळजवळ दोन. काम पावणेचार पटीने वाढलं, मजुरी ६० टक्क्यांनी. ६० टक्केच का? याहून जास्त दिलं तर असली माणसं नियमित कामावर येत नाहीत, असं टेलरचं म्हणणं. याला कुठलं शास्त्र म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आणि ते ४७ आले कुठून? पुढे १९७० च्या दशकात संशोधकांनी मूळ अहवाल उकरून काढले, तेव्हा आकड्याचा जन्म सापडला. गिलेस्पी आणि वोल या टेलरच्या दोन माणसांनी दहा दणकट मजूर निवडून त्यांना जीव तोडून भरायला लावलं. दहा जणांनी १४ मिनिटांत साडेसोळा टन भरले. त्याच वेगाने दहा तास धरले तर माणशी ७१ टन होतात. ते केले ७५. मग विश्रांती आणि खोळंब्यासाठी ४० टक्के वजा केले. राहिले ४५. ७१ चे ७५ कशाला? वजाबाकी ४० चीच का, ३० किंवा ५५ का नाही? उत्तर नाही. चौदा मिनिटं धावणाऱ्या माणसाच्या वेगावरून त्याची मॅरेथॉनची वेळ काढण्यासारखंच हे. ज्या मजुरांनी या दराने काम करायला नकार दिला, त्यांना कामावरून काढलं.

श्मिटचं खरं नाव हेन्री नोल. या कामाला बैलाच्या बुद्धीचा माणूस लागतो, असं टेलरने छापून ठेवलं आहे. आणि त्याच पुस्तकात, काही पानांच्या अंतरावर, तो लिहितो की हा माणूस दिवसभर लोखंड वाहून झाल्यावर मैलभर चालत घरी जायचा आणि स्वतःच्या घराच्या भिंती बांधायचा. आपण काय लिहून गेलो हे टेलरच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, ती सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तर आजची पाहा. मी तुमच्या मशीनसमोर उभा राहून सायकल मोजली, सरासरी ०.८० मिनिट आली. (आमचं घड्याळ मिनिटाचे शंभर भाग दाखवतं, सेकंद नाही. पहिल्यांदा सगळ्यांचाच गोंधळ होतो.) आता माझ्या शीटवर रेटिंगचा रकाना आहे. ऑपरेटर प्रमाणित वेगाने काम करत होता, की त्याहून हळू, की जलद? हे मी नजरेने ठरवतो. शंभर दिले आणि अलाउन्स (विश्रांती आणि खोळंब्यासाठीची सूट) १५ टक्के धरला तर स्टँडर्ड टाइम ०.९२, ४८० मिनिटांत ५२१ नग. मला वाटलं की गडी मुद्दाम रेंगाळतोय आणि मी ९० लिहिले, तर ५७९. तो खरंच चपळ आहे असं वाटून ११० लिहिले, तर ४७४. घड्याळ तेच, माणूस तोच, आणि माझ्या एका नजरेवर शंभराहून जास्त नगांचा फरक. रेटिंगची पद्धत टेलरच्या नंतर रुळली. त्याने 'पहिल्या प्रतीचा माणूस' निवडून या प्रश्नाला बगल दिली होती. आम्ही तो प्रश्न रकान्यात आणला एवढंच. प्रशिक्षण घेतलेले दोन जण एकाच कामाला पाचच्या फरकाने रेटिंग देऊ शकतात, हे आम्हाला माहीत असतं. सेटलमेंटच्या (पगारकराराच्या) टेबलावर मात्र आकडा दोन दशांशांपर्यंत जातो आणि देवाने सांगितल्यासारखा मांडला जातो.

वेळ मोजता येते, पण 'योग्य दिवसाचं काम किती' हे मोजून निघत नाही. ते ठरतं दोन बाजूंमध्ये. टेलरला नेमकं हेच मान्य नव्हतं. विज्ञानाशी घासाघीस कसली करायची, असा त्याचा पवित्रा होता, आणि युनियनशी त्याचं कायम वाजलं ते त्यामुळे.

'सायंटिफिक मॅनेजमेंट' हे नावही मुळात प्रचारासाठी निवडलेलं. १९१० मध्ये अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी भाडेवाढ मागितली. व्यापाऱ्यांच्या बाजूने वकील लुई ब्रँडाइस उभा होता. टेलरच्या मंडळींना जमवून त्याने या पद्धतीला हे नाव नक्की केलं. सुनावणीत हॅरिंग्टन इमर्सन याने साक्ष दिली की रेल्वे रोज दहा लाख डॉलर वाचवू शकतील, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुढच्याच वर्षी टेलरचं पुस्तक आलं. आणि त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात फाउंड्रीतले मोल्डर (ओतकामाचे साचे बनवणारे कामगार) काम टाकून बाहेर पडले. कारण, घड्याळासमोर काम करायला नकार देणाऱ्या एकाला काढलं होतं. त्यांनी आपल्याकडूनही वेळ मोजून ठेवली होती. ती आणि घड्याळवाल्याची वेळ यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. मोल्डिंगची खरी जाण त्या घड्याळवाल्याला नव्हती. अमेरिकन संसदेची समिती बसली, टेलरला १९१२ च्या जानेवारीत दिवसचे दिवस उलटतपासणी सोसावी लागली. १९१५ पासून लष्करी खर्चाच्या कायद्यांत स्टॉपवॉच आणि बोनसवर बंदीचं कलम आलं, ते १९४९ पर्यंत टिकलं. टेलर स्वतः १९१५ च्या मार्चमध्ये, ५९ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला.

पुढचा पसारा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. गँट या टेलरच्या सहकाऱ्याचा, कामांचं वेळापत्रक दाखवणारा चार्ट तुम्ही प्रोजेक्टमध्ये काढलाच असेल. गिलब्रेथ नवरा-बायकोंनी घड्याळ बाजूला ठेवून हालचाली पाहिल्या, विटा रचण्याच्या १८ हालचालींच्या ५ केल्या. मला विचाराल तर आमच्या धंद्यातलं सगळ्यांत सभ्य काम हेच, कारण त्यात कामगाराची कंबर वाचते. फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कला सरकती असेंब्ली लाइन आणली, चॅसिस जोडणीचे साडेबारा तास ९३ मिनिटांवर आले. वेग आता कोणी सांगायचा प्रश्नच उरला नाही, पट्टाच सांगू लागला. माणसं इतकी सोडून जाऊ लागली की १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर जाहीर करावे लागले. आणि ज्या लेनिनने १९१४ मध्ये टेलर पद्धतीला माणसाला यंत्राचा गुलाम करणारी म्हटलं, त्यानेच १९१८ मध्ये सत्ता हातात आल्यावर ती रशियात राबवून पाहायला हवी असं लिहिलं. मालक कोणत्याही रंगाचा असो, आकडा सगळ्यांनाच हवा असतो.

आपल्याकडे हा वारा गिरणगावात आला, 'रॅशनलायझेशन' या नावाने. मुंबईच्या गिरण्यांत तोवर जॉबरचं राज्य होतं. माणूस भरती तोच करणार, काढणार तोच, काम वाटणारही तोच. टेलरच्या आधीच्या अमेरिकन फोरमनचा सख्खा भाऊ म्हणा. १९२७-२८ मध्ये ससून समूहाच्या गिरण्यांपासून नवा नेम सुरू झाला. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे, कताईत एकाऐवजी दोन बाजू. १९२८ च्या एप्रिलमध्ये संप पेटला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. कामगारांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदी चोख होतं. कापूस हलका, धागा वारंवार तुटतो, मग माग वाढवून कसं चालेल? इथे मला टेलरची बाजू घ्यावीशी वाटते. त्याची पहिली अट होती की आधी माल, टूल, पट्टे, परिस्थिती प्रमाणित करा, मग नॉर्म लावा. मालकांनी त्याच्या पुस्तकातलं शेवटचं पान घेतलं आणि आधीची फाडून टाकली. ही सवय आजही गेलेली नाही. कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट (अवाजवी कठीण जागा) येत असतात, ड्रिल तुटत असतात, आणि मीटिंग मात्र ऑपरेटरच्या वेगावर चाललेली असते.

त्याच गिरण्यांतली आणखी एक गोष्ट. विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण बॉबिन बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे, आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. खात्यातल्या मजुरीचा प्रश्न त्या एका हालचालीला बांधलेला होता. डॉ. आंबेडकरांनी तो १९२८-२९ च्या संपांच्या काळात पुढाऱ्यांपुढे ठेवला. मोशन स्टडी शिकवताना मी हे उदाहरण नेहमी घ्यायचो. हालचाल कधीच नुसती हालचाल नसते.

स्वातंत्र्यानंतर हे शास्त्र सरकारी आशीर्वादाने आलं. १९५२ पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ, १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद, १९६३ मध्ये पवईची नीटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकवणारी संस्था. आमची पिढी तिथल्याच कोर्सांतून किंवा तिथे शिकलेल्यांच्या हाताखाली तयार झाली. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात दर तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा करार होतो, त्यात वाढीच्या बदल्यात किती टक्के जादा उत्पादन याचं कलम असतं, आणि त्या कलमासाठी आम्हाला बोलावतात.

दुसरा रस्ता नव्हताच असं नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक बदनाम प्लँट १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाने भागीदारीत तो पुन्हा उघडला, बहुतांश त्याच कामगारांना घेऊन. तिथे स्टॉपवॉच गेलं नाही, फक्त हात बदलला. टीममधले कामगारच एकमेकांची वेळ मोजायचे, पद्धत लिहायचे, बदलायचे. प्रमाणीकरण टेलरच्या तोडीस तोड, पण कागद लिहिणारा माणूस तोच जो काम करतो. उलट गोदामांत आता हातातला स्कॅनरच घड्याळ झाला आहे. त्याचा नॉर्म कसा निघाला हे विचारायला समोर माणूसही नसतो. कॅलिफोर्नियाला २०२१ मध्ये कायदा करून सांगावं लागलं की गोदाम कामगाराला त्याचा कोटा लेखी द्या.

चेहऱ्यांचं विचारलंत म्हणून माझी एक गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष, एक ब्रॅकेट ड्रिल करायचं मशीन. नॉर्म २६० चा, आणि त्यावरचे काका रोज २६२ काढायचे. ना २५८, ना २७०. मी तीन दिवस स्टडी घेतला, आकडे ओळीत उभे केल्यासारखे. मग ते गावच्या जत्रेला रजेवर गेले, आणि बदलीच्या माणसाला पुसायला कापड हवं म्हणून मी त्यांच्या पेटीत हात घातला. कॉटन वेस्टच्या (पुसायच्या सुताच्या) बोळ्यात गुंडाळलेली वाकवलेली पट्टी निघाली, टोकाला वेल्ड केलेला तुकडा. जिगला (जॉब जागेवर धरणाऱ्या साधनाला) लावून पाहिली. जॉब एका धक्क्यात बरोबर जागी बसत होता, हाताने चाचपडायचं कामच नाही.

काका परत आल्यावर मी विचारलं, "काका, हे इतके दिवस दाखवलं का नाहीत?"

ते म्हणाले, "साहेब, दाखवलं तर आकडा तुमच्या कागदावर चढणार. मला काय, एक चहा."

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. पद्धतसुधारणेचा रिपोर्ट केला, साहेबांनी पाठ थोपटली, नॉर्म ३४० झाला. काका भांडले नाहीत. फक्त त्यानंतर त्या शॉपमध्ये मला कोणी काही दाखवलं नाही. पट्टीचं टूल रूमने नीट ड्रॉइंग काढलं, तिला नंबर मिळाला. त्या ड्रॉइंगवर 'डिझाइन्ड बाय'च्या चौकटीत माझी सही आहे.